खिशातल्या नोटेवरच्या दोन प्रवेशिका

आपल्या मराठवाड्यात पोर 'उपयोजित कलेला जातो' म्हणालं की घरात आधी शांतता पसरते आणि मग प्रश्न येतो, 'पुढे काय?' तो प्रश्न पचवून प्रवेश होतो. दोन वर्षांनी पोर सांगतं, एका डिझाइनच्या स्पर्धेला काम पाठवायचंय, फी आहे. आता घरचे तर कचरतातच, पोरही कचरतं. 'मुंबई-पुण्याच्या मुलांपुढे आपलं काय टिकणार, काका?' हे मी आमच्याच सोसायटीतल्या एका गुणी मुलीच्या तोंडून ऐकलं.

वाचकहो, खिशातली पाचशेची नवी नोट काढून पाहा. पुढच्या बाजूला रुपयाचं चिन्ह आहे. ते खुल्या स्पर्धेतून आलं. 2009 साली केंद्र सरकारनं ती जाहीर केली. प्रवेशिकेसोबत पाचशे रुपयांचा डिमांड ड्राफ्ट जोडायचा होता. तीन हजारांवर प्रवेशिका आल्या. निवड झाली डी. उदयकुमार यांची. ते तेव्हा पवईच्या आयआयटीत डिझाइन विषयात पीएच.डी. करणारे विद्यार्थी होते. 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळानं चिन्हाला मान्यता दिली. बक्षीस अडीच लाखांचं. आणि चिन्ह काय, तर आपण पहिलीत पाटीवर गिरवलेला 'र'! त्यातच दांडा काढून टाकलेला रोमन 'आर', आणि वर शिरोरेषा.

आता नोट उलटी करा. मागे गांधीजींचा चष्मा आहे, स्वच्छ भारत अभियानाचा. 2014 साली तोही स्पर्धेतूनच निवडला गेला. काढणारे अनंत खासबारदार जाहिरात व्यवसायातले, विद्यार्थी नव्हेत. पण राहणारे कोल्हापूरचे. परीक्षकांनी गाव पाहिलं नाही, चष्मा पाहिला.

अर्थात बक्षीस एकालाच मिळतं. मग बाकीच्यांनी का पाठवावं? वर्गातलं काम मास्तरांना दाखवायचं असतं. मास्तर मुलाला ओळखतात, सांभाळून घेतात. स्पर्धेत अनोळखी माणसापुढे काम एकटं उभं राहतं. विषय दुसऱ्यानं दिलेला, मुदत ठरलेली, आणि चार ओळींत आपली कल्पना मांडायची. हे चार ओळी लिहिणं आपल्या मुलांना सर्वांत जड जातं, असा माझा अनुभव. हिमरूची वेलबुट्टी, पैठणीचा काठ, वेरूळचा दगड दाराशी असताना ती इंटरनेटवरची परदेशी चित्रं गिरवतात, तेही अशा परीक्षेत लगेच उघडं पडतं.

एक बँकवाल्याची सूचना मात्र ऐकाच. नियमांतली बारीक अक्षरं वाचा. जिंकलेलं चिन्ह आयोजकांच्या मालकीचं होतं, ते रास्त आहे. पण हरलेल्या सगळ्यांच्या कामावरही जे हक्क सांगतात, त्यांना फुकटात डिझाइनं गोळा करायची असतात. तिथे एक रुपयाही भरू नका. सुरुवातच करायची तर राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असतो.

आणि आईबाबांनो, फी भरण्याआधी मुलाला ते काम तुम्हाला समजावून सांगायला लावा. तुमच्या डोक्यात काही शिरलं नाही, तर ड्रॉइंगचं कौतुक करून सोडून देऊ नका. त्या चार ओळी त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्या. मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी.