‘रिअली’ची जागा

माझ्या भाचीचं लग्न सध्या एका ‘रिअली’वर अडकलंय. मुलगा अमेरिकेत, त्यामुळं सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत. हिनं लिहिलं, ‘आय डोन्ट रिअली वॉन्ट टु लीव्ह माय जॉब.’ तिकडून उत्तर आलं, मग राजीनामा कधी देतेस?

तिला म्हणायचं होतं, नोकरी मला सोडायचीच नाही. त्यासाठी ‘रिअली’ हवं ‘डोन्ट’च्या आधी. ते मागं गेलं, आणि ‘मुळीच नाही’चं झालं ‘फारसं मन नाही’. फारसं मन नसलेल्या मुलीला वळवता येतं, हे सासरच्यांना शिकवावं लागत नाही!

घरात सगळे तिलाच बोलले. एवढी शिकलीस आणि एक वाक्य धड येत नाही? मी म्हणते, तिला इंग्रजी शिकवलं कशासाठी? आमच्या बेळगावच्या मुलीला घरात मराठी, बाजारात कन्नड आणि अर्जापुरतं इंग्रजी. ‘काइंडली’, ‘हंबली’, ‘रिस्पेक्टफुली’ घोटून घेतलं. ‘मला हवं’ हे वाक्य कुणी एकदा तरी लिहून घेतलं का?

मराठीत आपलं काम एका ‘च’वर भागतं. इंग्रज माणूस बोलताना आवाजानं जोर देतो. कागदाला आवाज नसतो, म्हणून तिथं क्रियाविशेषण लागतं. स्टीफन किंगनं लेखनावरच्या पुस्तकात (2000) या शब्दांवर भरपूर तोंडसुख घेतलंय. कथा लिहिणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं. पण स्वतःची इच्छा कळवणाऱ्या मुलीच्या हातातला एकुलता एक शब्द का काढून घ्यायचा?

ढीग मात्र नको. ‘ट्रूली, सिन्सिअरली, जेन्युइनली’ ओळीनं आले की ‘खरं सांगतो ताई’ असं तीनदा म्हणणारा साडीवाला आठवतो. ‘सिन्सिअरली’ तर पत्राच्या तळाशी बसून बसून पार झिजलंय. एकच घ्या, नेमका घ्या. ‘विश’ला ‘डिअरली’ शोभतं. ‘वॉन्ट’ला चक्क ‘बॅडली’ चालतं. त्यात वाईट काही नाही, आपल्याला मात्र वाटतं. हवं असणंच वाईट, असं ऐकत वाढलो ना आपण!

काल भाचीनं दुसरं पत्र पाठवलं. आधी मला वाचून दाखवलं. ‘प्लीज’ नव्हतं, ‘सॉरी’ नव्हतं. ‘रिअली’ एकदाच होतं, ‘डोन्ट’च्या आधी. उत्तर अजून यायचंय.