रंगवलेला शॉकअप आणि गॅरेजवाल्यांची पत

महिंद्राची बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली. या दोन्ही गाड्या नाशिकच्या कारखान्यात तयार झाल्या. शॉकअप बनविणाऱ्या गॅब्रिएल कंपनीचा कारखानाही नाशिकलाच अंबडमध्ये आहे. याच गाड्या वापरून जुन्या झाल्या की द्वारका, वडाळा नाका परिसरातल्या गॅरेजांवर येतात. तिथे पाना धरणारे हात पुष्कळसे आपल्या समाजाचे आहेत. मालेगावला जसा यंत्रमाग, तसे नाशिकच्या आपल्या अनेक घरांना गॅरेज. म्हणून शॉकअप बदलण्यासारख्या साध्या कामावर आम्ही या पानावर लिहीत आहोत. गिऱ्हाईक गॅरेज सोडून जाते ते बहुधा अशाच कामावरून.

शॉकअपचे काम काय, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. गाडीचे वजन स्प्रिंग किंवा पाटे उचलतात, शॉकअप नव्हे. खड्ड्यातून निघाल्यावर स्प्रिंग वरखाली नाचत राहते, तिला आवरण्याचे काम शॉकअपचे. आतला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जाते आणि हिसक्याची उष्णता होऊन निघून जाते. सील गेले की तेल गळते आणि चाक रस्त्यावर टेकून राहात नाही. ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाते, टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजतो. कसाऱ्याचा घाट आठ माणसे घेऊन उतरताना हे किती महागात पडेल, ते गॅरेजवाल्याला सांगायला नको.

गिऱ्हाइकाच्या या अज्ञानावरच काही जण धंदा करतात. मागे माणसे बसली की गाडी बसते, अशी तक्रार आली की शॉकअप गळ्यात मारले जातात. दोष असतो पाट्यांचा. पुढून कट-कट आवाज येतो, तो पुष्कळदा लिंक रॉडचा किंवा बुशचा असतो. काम थोडक्या पैशांचे असते आणि बिल दोन शॉकअपचे होते. नळीवर तेलाचा नुसता ओलसर थर दिसला तरी ‘गेला’ म्हणून सांगितले जाते. थर वेगळा आणि ओघळ वेगळा, हे शिकाऊ पोरालाही कळते.

याहून वाईट प्रकार ‘रिकन’चा. जुना शॉकअप उघडायचा, तेल भरायचे, डाग देऊन बंद करायचा आणि काळा रंग मारून पुन्हा विकायचा. आजच्या बहुतेक गाड्यांचे शॉकअप कारखान्यातच बंद केलेले असतात, ते उघडण्यासाठी बनविलेलेच नसतात. आतली झडप आणि दट्ट्याची कडी झिजलेलीच राहते, गॅस असेल तर तो गेलेला असतो. असा माल एखादा पिकअपवाला समजून-उमजून, रिकन म्हणून, रिकनच्या भावात घेत असेल तर तो त्याचा प्रश्न. नव्याच्या भावात, न सांगता विकणे ही मात्र उघड फसवणूक आहे. बाजारातल्या धान्याच्या ढिगात पैगंबर (स.) यांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, आणि ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो. रंगाखालचा जुना शॉकअप आणि ढिगाखालचे ओले धान्य यांत आम्हाला काही फरक दिसत नाही. कुटुंबाच्या गाडीला, विशेषतः पुढच्या चाकांना, रिकन बसवूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक स्वतः मागत असले तरी.

गिऱ्हाइकाचा दुसरा आग्रह असतो की एकच बाजू बदला. हाही मानू नये. एक बाजू घट्ट आणि एक सैल राहिली तर गाडी वळणावर व ब्रेकवर एकसारखी वागत नाही. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही असेच बदलावेत. पैसे कमी असतील तर आधी ज्या बाजूचे गेले आहेत ती जोडी, मग दुसरी. असे काम हातचे गेले तर जाऊ द्यावे.

आता अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हा धंद्यातील स्पर्धेला अडथळा आहे, असे आयोगाने म्हटले. प्रकरण पुढे अपिलांत गेले, पण मुद्दा आपल्याच बाजूचा होता. कंपनीच्या वर्कशॉपबाहेर काम करणारा कारागीर दुय्यम नाही, हे सरकारी आयोगाने मान्य केले. तरीही गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजून कंपनीकडे जाते. का? तिथे कागद मिळतो, इथे मिळत नाही.

पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरविली आहे. नोंदणी नसली तरी साध्या कागदावर भागाचे नाव, कंपनी, किंमत आणि मजुरी वेगळी लिहिता येते. मात्र नोंदणी नसताना जीएसटी लावू नये. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी दर नीट पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर १८ टक्के दर आहे, २८ टक्क्यांचा जुना दर लावून बिल करणे आता चालणार नाही. बिलासोबत काढलेला जुना शॉकअप पोत्यात घालून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवावा. भंगाराचे चार पैसे जातील, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो दाखवून गिऱ्हाईक गॅरेजचे नाव सांगेल.

सुट्या भागांच्या दुकानदारांनाही एक शब्द. नामांकित कंपनीच्या डब्यासारखा डबा ठेवणे हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली गुन्हा असून त्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गॅरेजवाल्याने मागितला म्हणून ठेवला, ही सबब चालत नाही.

राहिला प्रश्न हत्यारांचा. एर्टिगा, क्रेटा अशा गाड्यांच्या पुढच्या बाजूला स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच जागी. ती स्प्रिंग दाबल्याशिवाय स्ट्रट उघडता येत नाही. काही ठिकाणी हे काम तारेने आणि दोरीने बांधून होते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फुटतो, डोळा जातो. यासाठी स्प्रिंग दाबण्याचा भक्कम सांगाडाच हवा. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घेणेही आवश्यक असते. एकट्या लहान गॅरेजला ही यंत्रे परवडत नाहीत हे खरे. पण वडाळा नाक्यावरच्या दहा गॅरेजवाल्यांनी मिळून एक सांगाडा आणि एक अलाइनमेंटचे यंत्र घेतले, कोणा एकाच्या शेडमध्ये ठेवले आणि वापराचा दर ठरवून वही ठेवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार खर्च येणार नाही. भागीदारीचा कागद मात्र पहिल्याच दिवशी लिहून सह्या कराव्यात.