डच वखारीला निधी मागताना पुढच्या पावसाळ्यांचेही पैसे मागा

जिल्हा नियोजनची बैठक जवळ आली की आपल्याकडे निवेदनांचा हंगाम सुरू होतो. साकव, धूपप्रतिबंधक बंधारा, स्मशानशेड, पाखाडी. आणि वेंगुर्ल्यातून अधूनमधून जाणारा एक कागद ठरलेला, डच वखारीला निधी द्या. मागणी रास्त आहे. पण ती ज्या पद्धतीने केली जाते त्यात गडबड आहे, आणि निधी मिळूनही वास्तू पडायची ती पडतेच, असं व्हायचं कारणही तिथेच आहे.

वखार म्हणजे काय ते आधी थोडक्यात. डच ईस्ट इंडिया कंपनीने विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी काढून 1637 मध्ये वेंगुर्ल्यात ठाण मांडलं. कारण साधं होतं, पोर्तुगीजांचा गोवा जवळ. मांडवीच्या तोंडाशी नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना पाणी, अन्नधान्य आणि बातमी इथून मिळायची. सतराव्या शतकाच्या मध्याला पक्की वखार उभी राहिली. शतक संपेपर्यंत डचांचं इथलं बस्तान आटोपलं. 1812 मध्ये वेंगुर्ला सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं. म्हणजे आपल्या बंदराचा जगाच्या व्यापाराशी कसा संबंध होता, याचा उभा पुरावा ही इमारत आहे. तिच्या भिंती वर्षानुवर्षं छपराविना पावसात उभ्या राहिल्या, भिंतीत झाडं रुजली. "थय काय बघूचा आसा, पडलेल्यो भिंती," असं आपलेच लोक म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही.

आता पैशाचं. पहिली गोष्ट, दार कुठलं ठोठावायचं ते नक्की करा. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. वखार राज्य संरक्षित, म्हणजे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, आणि आपल्यासाठी त्यांचं रत्नागिरीचं कार्यालय. अनेकदा वखारीचं निवेदन खासदारांना आणि दिल्लीला जातं. फोटो येतो, कागद फिरत राहतो. नगरपरिषदेलाही थेट डागडुजी करता येत नाही. 1960 च्या राज्य कायद्याने संरक्षित वास्तूला खात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. गावातल्या उत्साही पोरांनी श्रमदानाने छप्पर घालतो म्हटलं तरी तो गुन्हा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट, पैसा जिल्ह्यातच आहे. जिल्हा वार्षिक योजनेतून तीन टक्क्यांपर्यंत निधी गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांच्या संवर्धनाला ठेवायची तरतूद राज्याने केली आहे. शिवाय 2007 पासून 'महाराष्ट्र वैभव' ही संगोपन योजना आहे. तिच्यात एखादी संस्था किंवा कंपनी राज्य संरक्षित स्मारक ठरावीक वर्षांसाठी देखभालीला घेऊ शकते. मालकी सरकारचीच राहते. पर्यटनावर चालणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर या योजनेचं नाव किती हॉटेलवाल्यांना माहीत आहे, हा प्रश्नच आहे.

खरी अडचण कॅलेंडरची आहे. सरकारचं वर्ष 31 मार्चला संपतं. निधी हातात पडेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, ई-निविदा. तोवर मे संपतो आणि जूनला पाऊस. चार महिने चुन्याच्या कामाला हात लावता येत नाही. ऑक्टोबरला सुरू करावं तर ठेकेदार दुसऱ्या कामावर. म्हणून प्रस्ताव आणि नकाशे पावसाळ्यातच तयार पाहिजेत. बैठकीच्या आदल्या आठवड्यात लिहिलेल्या निवेदनाला अंदाजपत्रक जोडलेलं नसतं, आणि अंदाजपत्रक नसलेल्या कामाला कुठलाही अधिकारी आकडा लावत नाही.

घाईत काम झालं तर काय होतं ते मी घरी बघितलंय. मांगराच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला आम्ही सिमेंटचा गिलावा केला. तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे धरले. चिरा पाणी पितो, ते बाहेर पडायला सिमेंट वाट देत नाही. समुद्राजवळ तर त्या पाण्यात मीठ. ते आतच सुकून चिरा कुरतडतं. जुन्या लोकांचा चुना मऊ असायचा, भिंतीला श्वास घ्यायला द्यायचा. तो मळायला, भिजवायला वेळ लागतो आणि तो दर नेहमीच्या बांधकामाच्या दरपत्रकात बसत नाही. म्हणून काम संवर्धनाचा अनुभव असलेल्यालाच मिळावं, ही अट मागणीतच लिहून द्यावी.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. आपण नेहमी एकरकमी कोटी मागतो. मागायला हवी ती देखभाल. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत काजू-आंब्याचं अनुदान एकदम मिळत नाही. पहिल्या वर्षी 50 टक्के, दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 20, आणि तेही ठरावीक प्रमाणात कलमं जिवंत असतील तरच. खड्डा खणून कलम लावलं की बाग होत नाही, हे कृषी खात्याला कळतं. मग वास्तूला वेगळा न्याय का? दरवर्षी मेमध्ये भिंतीतली झाडं मुळासकट काढणं, सांधे भरणं, पाण्याला वाट करून देणं. याला कोटी लागत नाहीत. पण हे पैसे कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात, कारण त्याचं उद्घाटन होत नाही.

नव्या कामाला मात्र वेग असतो. मालवणात राजकोटला डिसेंबर 2023 मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला आणि मे 2025 पर्यंत तिथे आधीपेक्षा उंच पुतळा उभाही राहिला. महाराजांच्या पुतळ्याला कुणाचा विरोध नाही. पण नऊ महिन्यांत एवढं होऊ शकतं, हे त्यातून दिसलं. विजयदुर्गाची तटबंदी 2020 च्या ऑगस्टमध्ये ढासळली तेव्हाही पडल्यावरच सगळे धावले. तो किल्ला जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्याच्याकडे आता जगाचं लक्ष राहील. वखारीला तसं कुणी नाही.

दुरुस्तीनंतर तिथे काय, हेही आताच ठरवायला हवं. कुलूप लावून ठेवली तर पाच वर्षांत पुन्हा तेच. बंदराच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय, नाहीतर बचत गटांना काजू-कोकमाच्या विक्रीला आवाराबाहेर जागा, खात्याला चालेल असं काहीही. रोज माणूस आत गेला की गळती पहिल्या दिवशीच कळते.

तेव्हा या खेपेच्या निवेदनात दोन ओळी वाढवा. पुढच्या पाच पावसाळ्यांच्या देखभालीचा खर्च वेगळा दाखवा, आणि चावी कुणाकडे राहणार ते लिहा.