नकाशावरील रेषा आणि हिशेबाची वही

ब्रिटनमधील आगगाड्या पुन्हा एकदा सरकारी मालकीकडे परतू लागल्या आहेत. मजूर पक्षाच्या सरकारने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार खासगी कंपन्यांचे करार जसजसे संपतील तसतशा त्यांच्या गाड्या सरकारी ताब्यात यावयाच्या आहेत. मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वेपासून या क्रमास आरंभ झाला. रूळ आणि गाड्या एकाच छत्राखाली आणणारी ‘ग्रेट ब्रिटिश रेल्वेज’ ही संस्था स्थापन करण्याचे विधेयक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटपुढे आले. मालकी कोणाची असावी, यावर तेथे भरपूर वाद झाला. परंतु लहान गावांच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे. साऱ्या देशाचा लोहमार्गाचा नकाशा आता एकाच हाताने काढला जाणार असेल, तर त्यावर कोणती रेषा ठळक राहील, कोणती पुसट होईल आणि कोणती एखाद्या दिवशी गुपचूप पुसली जाईल?

हा प्रश्न केवळ छपाईचा आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. ब्रिटनमधील प्रादेशिक गाड्यांच्या डब्यांत दाराच्या वर मार्गाचे रेखाचित्र लावलेले असते. एक सरळ रेघ, तिच्यावर स्थानकांचे ठिपके, आणि जेथे गाडी बदलावयाची तेथे एक वर्तुळ. उतारूला यापेक्षा अधिक काही नको असते. मात्र या साध्या चित्राची कुळकथा पाहिली, तर त्याचे आणि जमाखर्चाचे नाते किती जुने आहे हे ध्यानात येते.

गेल्या शतकाआधीच्या शतकात ब्रिटनमध्ये अनेक खासगी रेल्वे कंपन्या होत्या. उतारू एका कंपनीच्या स्थानकावर तिकीट घेई आणि दुसऱ्या-तिसऱ्या कंपनीच्या रुळांवरून प्रवास करी. ते पैसे कोणी किती घ्यावयाचे, हे ठरविण्यासाठी १८४२ साली ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ स्थापन झाले. कोणत्या कंपनीचा मार्ग नेमका कोठे संपतो आणि दुसरीचा कोठे सुरू होतो, हे दाखविणारी जंक्शनांची रेखाचित्रे या कामासाठी वापरली जात. निरनिराळ्या कंपन्यांचे मार्ग त्यांत निरनिराळ्या रंगांनी रंगविलेले असत. म्हणजे ही चित्रे कारकुनांच्या मेजावर पैशाच्या वाटणीसाठी उपयोगी पडणारी होती. उतारूच्या सोयीचे चित्र पुढे आले. जॉर्ज डाउ यांनी १९२९ पासून लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेसाठी सरळ रेषांची मार्गचित्रे काढली, आणि हॅरी बेक या आरेखकाने आखलेले लंडनच्या भुयारी रेल्वेचे प्रसिद्ध रेखाचित्र १९३३ साली लोकांच्या हाती पडले. बेक यांनी अंतरे आणि वळणे बाजूला सारली. आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांच्या तिरप्या रेषांत सारे जाळे बसविले. जमिनीखालून जाणाऱ्याला गाडी कोठे बदलावयाची एवढेच कळले की पुरे, हे त्यामागील तर्कशास्त्र होते.

ही रीत पुढे प्रादेशिक मार्गांनीही उचलली. परंतु शहरात जे सत्य असते ते खेड्यापाड्यांत असतेच असे नाही. शहरी मार्गावर थोड्याच वेळात दुसरी गाडी येते; म्हणून सर्व रेषा सारख्या जाडीच्या काढल्या तरी बिघडत नाही. ग्रामीण मार्गांच्या चित्रात मात्र हीच समता फसवी ठरते. मँचेस्टरजवळील स्टॉकपोर्ट ते स्टेलीब्रिज या मार्गावर उतारूंची गाडी कित्येक वर्षे आठवड्यातून एकदाच धावत असे. मार्ग रीतसर बंद करावयाचा तर नोटीस, हरकती, सुनावणी हा सारा सोपस्कार करावा लागतो. त्यापेक्षा आठवड्याला एक गाडी सोडणे सोपे. अशा गाड्यांना तेथे ‘पार्लमेंटरी’ गाड्या म्हणतात. नकाशावर रेषा आहे, कायद्याने मार्ग जिवंत आहे, पण कामावर जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. उलट, जी रेषा नकाशावरून गेली तिच्याबरोबर ते गावही प्रवाशांच्या मनातून जाते.

रेषा पुसण्याचा सर्वांत मोठा कार्यक्रम १९६३ साली झाला. हुजूर पक्षाचे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी आयसीआय या रसायन कंपनीतून डॉ. रिचर्ड बीचिंग यांना ब्रिटिश रेल्वेच्या अध्यक्षपदी आणले होते. बीचिंग यांचा अहवाल मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. दोन हजार तीनशेहून अधिक स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करावेत, अशी त्यात शिफारस होती. अहवालासोबत नकाशांचा स्वतंत्र खंड होता. ज्या मार्गावर वाहतूक दाट त्याची रेषा जाड, विरळ त्याची बारीक. एकूण मार्गांपैकी एक तृतीयांश मार्गांवर उतारूंची जेमतेम एक टक्का वाहतूक होते, ही गोष्ट त्या नकाशांनी कोणालाही एका दृष्टिक्षेपात पटवून दिली. बारीक रेषा पाहिली की ती कापण्याचा मोह होतोच.

बीचिंग यांना खलनायक ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. एकोणिसाव्या शतकातील रेल्वेच्या सट्टेबाजीत एकाच गावाला दोन-दोन कंपन्यांनी मार्ग नेले होते. मोटारी आणि मालमोटारी रस्त्यावर आल्यावर त्यांतील पुष्कळांची गरज उरली नव्हती, आणि रेल्वेची तूट वर्षानुवर्षे वाढत होती. काही मार्ग बंद होणे अटळ होते. दोष होता तो मोजमापाच्या पद्धतीत. पहिली गोष्ट म्हणजे वाहतुकीची ती पाहणी एप्रिल १९६१ मधील एकाच आठवड्याची होती. समुद्रकाठच्या गावांची गर्दी उन्हाळ्यात होते. एप्रिलमध्ये त्यांच्या मार्गाची रेषा बारीक दिसावी यात नवल नव्हते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शाखामार्गावरील लहान स्थानकावरून जो उतारू निघतो तो पुष्कळदा पुढे मुख्य मार्गावरही प्रवास करतो. त्याच्या तिकिटाचे बहुतेक उत्पन्न मुख्य मार्गाच्या खाती जमा होते आणि गेट, सिग्नल, स्थानकमास्तर यांचा खर्च मात्र शाखेच्या नावावर पडतो. ओढ्यांना पाणी थोडे असते म्हणून ते एकेक करून बुजविले, तर नदीचे पाणी कोठून येणार? शाखा बंद झाल्यावर उतारू मोटारीने जंक्शनपर्यंत येईल आणि तेथून गाडी धरील, असे गृहीत होते. पण एकदा मोटारीत बसलेला माणूस बहुधा मोटारीनेच पुढे गेला. पर्याय म्हणून सुरू केलेल्या बसगाड्यांपैकी अनेक थोड्याच काळात बंद पडल्या.

ज्या सल्लागार समित्यांपुढे लोकांनी गाऱ्हाणी मांडावयाची, त्यांना १९६२ च्या कायद्याने फक्त ‘हालअपेष्टा’ किती होतील एवढेच पाहण्याची मुभा दिली होती. रेल्वेने मांडलेले आकडे बरोबर आहेत काय, हे विचारण्याची सोय नव्हती. म्हणजे ज्या हिशेबावर निर्णय उभा होता तो हिशेबच चर्चेच्या बाहेर होता. १९६४ साली मजूर पक्ष सत्तेवर आला, तरी मार्ग बंद होतच राहिले. साठीच्या दशकाच्या आरंभी सुमारे अठरा हजार मैलांचे असलेले हे जाळे १९७५ पर्यंत सुमारे अकरा हजार मैलांवर आले. तूट मात्र नाहीशी झाली नाही. अखेर बार्बरा कॅसल यांच्या कारकिर्दीत तयार झालेल्या १९६८ च्या वाहतूक कायद्याने तोट्यातील परंतु समाजास आवश्यक अशा मार्गांना उघडपणे अनुदान देण्याचे तत्त्व स्वीकारले. रेल्वेचे मूल्य तिकीटविक्रीच्या रकमेत संपत नाही, ही कबुली त्यात होती.

तरीही कात्री पुन्हा बाहेर निघालीच. १९८३ च्या सर्पेल अहवालातील एका पर्यायात तर अवघे सुमारे सोळाशे मैल मार्ग शिल्लक दाखविले होते. तो नकाशा पाहून इतका गदारोळ उठला की अहवाल बासनात गेला. त्याच सुमारास यॉर्कशरच्या डोंगरांतून जाणारा सेटल ते कार्लाइल हा बहात्तर मैलांचा मार्ग बंद करण्याची नोटीस निघाली. रिबलहेड येथील चोवीस कमानींच्या पुलाची दुरुस्ती परवडणारी नाही, हे प्रमुख कारण सांगितले गेले. बावीस हजारांहून अधिक लोकांनी हरकती नोंदविल्या. १९८९ साली सरकारने मार्ग चालू ठेवण्याचा निर्णय दिला, आणि पुलाची दुरुस्ती आधीच्या अंदाजापेक्षा पुष्कळ कमी खर्चात झाली. आकडे तपासले जाऊ लागले की त्यांचे स्वरूपही बदलते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

ज्यांना असा लढा जिंकता आला नाही त्यांचे काय झाले? एडिंबरो ते कार्लाइल हा ‘वेव्हर्ली’ मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला आणि गॅलाशील्स, हॉइक यांसारखी लोकरीच्या धंद्याची गावे रेल्वेवाचून राहिली. सेहेचाळीस वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, त्यातील एडिंबरोकडचा तीस मैलांचा तुकडा ट्वीडबँकपर्यंत पुन्हा सुरू झाला. पहिल्या वर्षातच दहा लाखांहून अधिक प्रवास झाले. परंतु त्यासाठी सुमारे तीस कोटी पौंड मोजावे लागले. कारण मधल्या काळात रूळ उखडले गेले होते, जमिनी विकल्या गेल्या होत्या, मार्गावर बांधकामे झाली होती. हॉइक अद्याप वाटच पाहत आहे. मार्ग बंद करून वाचतात ते काही हजार, आणि चूक सुधारावयाची वेळ येते तेव्हा लागतात कोट्यवधी. जो निर्णय मागे घेता येत नाही त्याची किंमत नेहमीच्या जमाखर्चात मांडली जात नाही.

खासगीकरणाच्या काळाने आणखी एक गंमत दाखविली. १९९४ नंतर गाड्या निरनिराळ्या कंपन्यांकडे गेल्या आणि प्रत्येक कंपनीने आपला नकाशा छापला. आपला मार्ग ठळक, दुसऱ्याचा फिकट. उतारूंची संख्या या काळात खूप वाढली. १९९४-९५ मध्ये वर्षाला सुमारे ७३ कोटी असलेले प्रवास २०१८-१९ मध्ये सुमारे १७५ कोटींवर गेले. लोकांना गाडी नकोशी झाली आहे, हे जुने गृहीत खोटे ठरले. जानेवारी २०२० मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने बंद मार्ग उघडण्यासाठी पन्नास कोटी पौंडांची योजना जाहीर केली. तीतून एक्झिटर ते ओकहॅम्पटन हा मार्ग नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या नव्या अर्थमंत्र्यांनी पैशाच्या टंचाईचे कारण देऊन ती योजनाच रद्द केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मात्र न्यूकॅसल ते ॲशिंग्टन हा १९६४ पासून उतारूंना बंद असलेला मार्ग खुला झाला. पक्ष कोणताही असो, मालकी कोणाचीही असो. शाखामार्गाचे भवितव्य त्या वर्षीच्या अंदाजपत्रकाला टांगलेले असते.

या कहाणीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली. तिचा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला. अडीच फुटी रुळांचा हाच प्रयोग त्याने नंतर इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड मार्गावर केला. तो मार्ग १९०४ साली सुरू झाला आणि तोट्यामुळे १९३४ साली बंद पडला. आज तेथे पायवाट आहे. बार्शी लाइट पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली, १९५४ साली सरकारने ती विकत घेतली आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तिचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले. आज त्या मार्गावरून मोठ्या गाड्या धावतात. दोन्ही प्रदेशांची वस्ती आणि गरज निराळी होती, हे खरे. तथापि पंढरीच्या वाटेवरील छोटी गाडी केवळ तिच्या एकटीच्या खतावणीवरून जोखली गेली असती, तर कुर्डुवाडीच्या पलीकडे आज काय उरले असते, हा विचार करण्याजोगा आहे.

अर्थात प्रत्येक मार्ग सदैव चालूच ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे. अनुदानाचा पैसा कधीही गाडीत न बसणाऱ्या करदात्याच्याही खिशातून येतो, आणि रिकामे डबे ओढण्यासाठी तो खर्च करण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणूनच नव्या संस्थेकडून अपेक्षा आहे ती उघड हिशेबाची. शाखेने मुख्य मार्गाला मिळवून दिलेले उत्पन्न शाखेच्या खाती दाखवावे. पाहणी एका आठवड्याची न करता वर्षभराची करावी. मार्ग बंद झालाच तर त्याची जमीन विकू नये. आणि ज्या गावांची रेषा पुसावयाची, त्या गावांना आकड्यांची उलटतपासणी करण्याचा हक्क द्यावा. नकाशा एका हाताने काढला जाणार असला, तरी ज्या वहीवरून तो काढला जातो ती सर्वांना वाचता आली पाहिजे. ब्रिटनमधील लहान गावांनी आजवर जे गमावले ते बहुतांशी ही वही मिटलेली असतानाच गमावले आहे.