कंसाची कंजुषी नको

खालच्या इयत्तांपासून आमचे विद्यार्थी 'कंचेभागुबेव' घोकीत आले आहेत. दोन अधिक तीन गुणिलें चार यांचें उत्तर १४ येतें, २० नव्हे, हें त्यांस ठाऊक आहे. परंतु शब्दांनीं लिहिलेल्या अटींनाहि असाच क्रम लागतो, याकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. आतां मुलें संगणकासाठीं आज्ञा लिहावयास शिकत आहेत. म्हणून याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

'खरें' व 'खोटें' यांचेंहि गणित मांडतां येतें, हें जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञानें १८४७ व १८५४ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. हा गृहस्थ तरुणपणीं स्वतः शाळा चालवीत असे. आज तेंच गणित संगणकाच्या पोटांत आहे. सी, जावा, पायथन इत्यादि भाषांत 'नाहीं' यास पहिला मान, 'आणि' यास दुसरा व 'किंवा' यास शेवटचा.

समजा, एखाद्या शिष्यवृत्तीची अट अशी लिहिली: 'अनाथ किंवा गरीब आणि उत्तीर्ण.' उत्तीर्ण होण्याची अट दोघांनाहि लागू करावी, असें लिहिणाराच्या मनांत होतें. संगणक मात्र 'गरीब आणि उत्तीर्ण' ही जोडी आधीं बांधितो. म्हणून अनाथ मुलगा अनुत्तीर्ण झाला तरी शिष्यवृत्ति त्यास मिळते. ती त्यास मिळावी कीं न मिळावी, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पण त्याचा निकाल चालकांनीं द्यावा, विसरलेल्या कंसानें नव्हे. एखाद्या कारकुनानें 'साहेब, आपला अर्थ कोणता?' असें विचारिलें असतें. यंत्र विचारीत नाहीं.

कांहीं जाणते म्हणतात, नियम पाठ असल्यावर कंस कशाला? त्यांस आमचें उत्तर असें कीं, नियम सर्वत्र एकच नाहीं. युनिक्सच्या शेलमध्यें 'आणि' व 'किंवा' यांस समान मान असून जोडणी डावीकडून उजवीकडे होते. शिवाय आजची आज्ञा उद्यां दुसराच कोणी दुरुस्त करील. त्यास लिहिणाराचा हेतु कंसावांचून कसा कळावा? १९८३ सालीं अमेरिकेंत प्रमाण ठरलेल्या एडा भाषेंत तर हे दोन शब्द कंसावांचून एकत्र लिहितांच येत नाहींत. आम्हांस हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

पालकांनीं घरीं मुलांस एकदां विचारून पाहावें: 'दूध किंवा चहा आणि बिस्किट' यांत दूध घेणारास बिस्किट मिळेल काय? जो मुलगा उत्तर देण्यापूर्वीं 'कंस कोठें आहे?' असें विचारील, त्यास हा धडा समजला असें खुशाल मानावें.