कटिशूल, कर्मशक्ती आणि चाळीस टक्के

गतवर्षी श्रावणात चिकित्सालयात आलेल्या एका रुग्णेने औषध न मागता दाखला मागितला. वय छत्तीस, अनुदानित शाळेत शिक्षिका, दुसऱ्या प्रसूतीनंतर जडलेली गृध्रसी चार वर्षांची जुनी. दोन वेळा बस्तिक्रम झालेला, कटिबस्ती झालेली, त्रयोदशांग गुग्गुळ व महारास्नादि काढा अधूनमधून चालूच. उपशय मिळे, आणि दोन-तीन महिन्यांत दुखणे पुन्हा उचल खाई. वर्ग पहिल्या मजल्यावर, घरी चार वर्षांचे मूल, आणि ते कडेवर घेतल्याविना झोपत नाही. "डॉक्टर, तुम्ही चाळीस टक्क्यांचं लिहून द्या, म्हणजे काहीतरी सोय होईल. माझं दुखणं तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" असे ती म्हणाली.

तिच्या बोलण्यातील पहिले वाक्य चुकीचे होते आणि दुसरे खरे होते. ज्याला रुग्णाचे दुखणे ठाऊक आहे त्याला टक्केवारी देण्याचा अधिकार नाही, आणि ज्यांना अधिकार आहे ते रुग्णाला काही मिनिटेच पाहतात. हे अंतर कमी करण्याचे साधन आपल्याच हाती आहे आणि आपण ते वापरत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम कायद्याची बाजू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. त्यात कटिशूल नाही, जीर्ण वेदनाही नाही. पाठीच्या रुग्णाला अस्थिव्यंग या सदरातूनच जावे लागते, आणि तेथे मोजले जाते ते मणक्यांचे चलन, विकृती, अस्थिभंग, स्नायूंचे बल आणि नाडीसंस्थेची हानी. वेदना मोजण्यास कोनमापक नसतो. म्हणूनच ज्याचा पाय लुळा पडला त्याला टक्के मिळतात; ज्याला अर्धा तास उभे राहणे असह्य होते, परंतु तपासणीच्या टेबलावर जो पाय उचलू शकतो, त्याला फारच थोडे मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना, एस.टी.च्या भाड्यातील ७५ टक्के सवलत, प्राप्तिकरातील वजावट ही सर्व दारे ४० टक्क्यांपासून उघडतात. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार शासनाने नियुक्त केलेल्या प्राधिकाऱ्यांचा, म्हणजे व्यवहारात जिल्हा रुग्णालये, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये इत्यादींचा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करावयाचा. खाजगी वैद्याने, मग तो कितीही ज्येष्ठ असो, लिहिलेल्या टक्क्यांना काडीची किंमत नाही.

किंमत नसेल एवढेच असते तरी चालले असते. लक्षणीय दिव्यांग व्यक्तींसाठीचा लाभ लबाडीने घेणाऱ्यास याच कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दयेपोटी दिलेला खोटा कागद रुग्णालाच अडचणीत आणतो. ही दया मीही केली आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात "पूर्ण विश्रांतीची आवश्यकता आहे" असे दाखले मी सढळ हाताने लिहिले. त्यांत निदान असे, दिनांक असे, शिक्का असे; रुग्ण काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे मात्र एका ओळीनेही नसे. असा एक दाखला एका कचेरीतून परत आला तेव्हा त्यावर लाल शाईने एवढेच विचारले होते की, "म्हणजे काय?" त्या प्रश्नाचा मला राग आला होता. आज तो रास्त वाटतो.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर आपल्या शास्त्राने फार पूर्वीच तयार करून ठेवले आहे. चरकाच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात दशविध परीक्षा सांगितली आहे. तिच्यातील व्यायामशक्ती ही रुग्णाच्या कर्मशक्तीवरून, म्हणजे तो प्रत्यक्ष किती काम करू शकतो यावरून, जाणावी आणि त्यावरून बलाचे प्रवर, मध्य, अवर असे अनुमान करावे, असा तेथील अभिप्राय आहे. महाविद्यालयात आपण सर्वांनी हे पाठ केले. आज आपल्या केसपेपरवर या रकान्यासमोर काय असते? "मध्यम." दहापैकी नऊ केसपेपरवर "मध्यम". नाडी, मल, मूत्र, जिह्वा यांवर चार ओळी, आणि ज्या एका परीक्षेचा रुग्णाच्या उपजीविकेशी थेट संबंध आहे तिच्यावर एक शब्द.

ब्रिटनमध्ये कामकाजाच्या वयातील लोकांसाठी २०१३ पासून जो दिव्यांग भत्ता सुरू झाला, त्यात रोगाच्या नावाला गुण नाहीत. स्वयंपाक, स्नान, कपडे घालणे, चालणे अशा कृतींना आहेत. ती कृती सुरक्षितपणे, पुन:पुन्हा आणि वाजवी वेळेत जमते का, असे विचारले जाते. ती पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. मुलाला उचलणे, त्याला न्हाऊ घालणे या गोष्टी त्या यादीतही नाहीत. परंतु "पुन:पुन्हा जमते का" हा प्रश्न कटिशूलाच्या रुग्णाच्या बाबतीत मर्माचा आहे. माझी रुग्णा मुलाला एकदा उचलू शकत होती. तिसऱ्यांदा उचलल्यावर रात्रभर कूस बदलता येत नसे.

आई-बापांच्या बाबतीत आपली व्यवस्था अधिकच आंधळी आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये बालसंगोपन रजा दिली तेव्हा महिला कर्मचाऱ्यांबरोबर काही पुरुषांनाही ती मिळाली: पत्नी हयात नसलेल्यांना, आणि ज्यांची पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे त्यांना. निर्णय स्वागतार्हच. परंतु मृत्यू आणि अंथरूण यांच्या अलीकडे जी स्त्री कण्हत उठते, डबे भरते, मुलाला शाळेत सोडते, तिच्या नवऱ्यासाठी त्यात जागा नाही. घरकामाला वेतन नाही म्हणून घरकाम न जमणे ही हानीही नाही, असा हा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आय.सी.डी.-११ या वर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. आपल्या मूल्यमापनाच्या निकषांतही तिला योग्य स्थान मिळावे, अशी मागणी आपल्या संघटनेने करावयास हवी. ती मान्य होईल तेव्हा होईल.

तोवर एक गोष्ट रुग्णांना सांगण्यासारखी आहे. चाळीस टक्के ही आर्थिक लाभांची मर्यादा आहे, सर्व हक्कांची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देताना, हे स्पष्ट केले की वाजवी सोयी मागण्यासाठी लक्षणीय दिव्यांगत्वाची अट लावता येत नाही. अशा सोयी देण्याचे बंधन शासकीय आस्थापनांवर आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात.

मी त्या शिक्षिकेला टक्के लिहून दिले नाहीत. त्याऐवजी चार वर्षांचे केसपेपर काढले. त्यांत कर्मशक्तीची नोंद नव्हती, म्हणून पुढील तीन महिने दर भेटीस ती केली: किती मिनिटे उभे राहता येते, किती पायऱ्यांनंतर थांबावे लागते, किती वजन कितीदा उचलता येते, रात्री किती वेळा जाग येते, कोणत्या दिवशी काय जमले नाही. एम.आर.आय. आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा अभिप्राय जोडला. (तरुण बापांच्या पाठीत सकाळी तासभर ताठरता असेल तर व्यवसायबंधूंनी गुग्गुळ देऊन स्वस्थ बसू नये, आमवातसदृश मणक्यांच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. तेथे वेळ दवडल्यास मणके जुळून येतात.)

येथे औषधी विक्रेत्यांनाही एक विनंती. तिच्या चार वर्षांच्या औषधांपैकी जेमतेम सात-आठ बिले मिळाली. तेलाची बाटली, काढ्याचे पुडके बिलाशिवाय दिले जाते, रुग्णही मागत नाही. परंतु सातत्याने उपचार घेतल्याचा तोच पुरावा असतो. नाव व दिनांक घालून बिल देण्यास अर्धे मिनिट लागते.

मंडळाने तिला ४० पेक्षा कमी टक्के दिले, हे मला अपेक्षितच होते. मात्र त्याच कागदांच्या आधारे तिने संस्थेकडे अर्ज केला आणि दिवाळीनंतर तिचा वर्ग तळमजल्यावर आला; शिकविताना बसण्यास पाठीची खुर्चीही मिळाली. अनुदान मिळाले नाही. मूल अजून कडेवरच झोपते.

कर्मशक्तीच्या नोंदीचा अर्ध्या पानाचा नमुना मी आता प्रत्येक कटिशूलाच्या केसपेपरला जोडतो. त्यात घरकाम आणि मुलांचे करणे यांसाठी वेगळा रकाना आहे. नमुन्याची प्रत संपादकांकडे दिली आहे; ज्यांना हवी असेल त्यांनी मागवून घ्यावी व त्रुटी आढळल्यास कळवाव्यात.