घर कोणाच्या हाती द्यावे?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवाने घडवली आहे. जन्मभराची पुंजी घेऊन घर बांधायला निघालेल्या माणसापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो. काम वास्तुविशारदाकडे, म्हणजे आर्किटेक्टकडे द्यावे, की स्थापत्य अभियंत्याकडे, म्हणजे इंजिनियरकडे? दोघांचे शुल्क परवडत नाही, म्हणून एकाची निवड केली जाते. पुष्कळदा तर दोघांनाही वगळून सारा भार ठेकेदारावर टाकला जातो. यात शहाणपण किती, हे कोलकाता शहराच्या उदाहरणावरून तपासून पाहता येईल.

कोलकाता हे हुगळी नदीने आणलेल्या गाळावर वसलेले शहर आहे. तेथे जमिनीखाली खोलवर मऊ चिकणमाती आहे. अशा भूमीवर व्हिक्टोरिया मेमोरियल ही संगमरवरी वास्तू उभी आहे. तिचा आराखडा विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाने केला. कोनशिला १९०६ मध्ये बसली. परंतु पायाच्या चाचण्यांची गरज होती आणि इतरही अडचणी आल्या, त्यामुळे वरचे बांधकाम सुरू व्हायला १९१० साल उजाडले. १९२१ मध्ये वास्तू खुली झाली. कागदावरचे सौंदर्य कितीही मोहक असले, तरी त्याचा भार माती पेलेल का, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून पुढे जाता येत नाही, हेच यातून दिसते.

याच शहरातील हावडा पूल ही अभियंत्यांची निर्मिती आहे. १९४३ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलाला सुमारे २६,५०० टन पोलाद लागले. नदीच्या पात्रात एकही खांब न रोवता तो दोन्ही काठांवरील मनोऱ्यांवर तोललेला आहे. त्याच्यावर नक्षीकाम नाही, तरीही तो त्या शहराची ओळख बनला. सेंट पॉल्स कॅथीड्रल हे चर्च तर विल्यम फोर्ब्स या लष्करी अभियंत्याने आखले होते. तेव्हा अभियंत्याला सौंदर्यदृष्टी नसते, हा समज खरा नव्हे.

मग वास्तुविशारदाची गरजच काय? घर म्हणजे केवळ न पडणारे छप्पर नव्हे. त्यात माणसांना राहायचे असते. प्रकाश कोठून येईल, वारा कसा खेळेल, स्वयंपाकघरातील धूर कोठे जाईल, म्हाताऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील, याचा विचार तो करतो. कोलकात्याच्या जुन्या घरांतील मधले अंगण आणि झडपांच्या उंच खिडक्या त्या दमट हवेला दिलेले उत्तरच होते. हा विचार चैनीचा नाही. दिवसाही दिवे लावावे लागणाऱ्या घराची किंमत राहणारा जन्मभर मोजत असतो.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' हे नाव लावता येते. मात्र हा कायदा त्या नावाला संरक्षण देतो. आराखडा करण्याचे काम इतरांना मना करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून केवळ पाटी पाहून निवड करणे पुरेसे नाही. खांब, तुळया आणि पाया यांचा हिशेब कोणी केला आणि त्याखाली सही कोणाची आहे, हे विचारण्याचा अधिकार घरमालकाने सोडू नये.

हा अधिकार सोडला की काय घडते, ते मार्च २०२४ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच भागात दिसले. विनापरवाना उभी राहत असलेली पाच मजली इमारत रात्री शेजारच्या घरांवर कोसळली आणि दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांचा त्या बांधकामाशी काडीचाही संबंध नव्हता, अशी माणसे झोपेत गाडली गेली. आपल्या घराची चूक शेजाऱ्यालाही भोगावी लागते, म्हणून ही निवड केवळ खाजगी बाब राहत नाही.

माझ्या मते 'हा की तो' असा प्रश्नच अपुरा आहे. मजल्यावर मजले चढणार असतील, तर दोघेही हवेत. लहान बैठे घर असेल आणि पैसा एकापुरताच असेल, तर आधी अभियंत्याकडून माती व पाया तपासून घ्यावा; कारण खिडकी पुढे मोठी करता येते, पाया मात्र एकदा बुजला की दिसतही नाही. आणि गवंड्याला विसरू नये. आराखडा कितीही निर्दोष असला, तरी सिमेंट किती आणि सळई कोठे, हे अखेर त्याच्याच हातात असते. त्याला आराखडा समजावून सांगितला, तर तोही घराचा राखणदार होतो.

शुल्क वाचवणे म्हणजे बचत, असे आपण मानतो. परंतु ज्या छपराखाली आपली मुले निजणार, त्याच्या बाबतीत जाणकाराचा सल्ला टाळणे ही बचत नसून उधारी आहे. ती कधी आणि कोणाकडून वसूल होईल, हे आपल्या हाती नसते.